शंकर आबाजी भिसे : यंत्र चाललं, मग पुढे?

मित्रांनो, या पाठात आपण एका मराठी संशोधकाची गोष्ट वाचणार आहोत. त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे. त्यांच्या काळात भारतातले लोक त्यांना हिंदुस्थानचे एडिसन म्हणून ओळखायचे. आज मात्र मुंबई-पुण्यातसुद्धा हे नाव फार जणांना माहीत नाही. मग शारजात वाढणाऱ्या तुम्हाला ते कुठून माहीत असणार?

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे ही गोष्ट सांगताना अधूनमधून माझी मतंही येतील. ती तुम्हाला पटलीच पाहिजेत असं नाही. नाही पटली तर वर्गात बोला. वादविवादाने भाषा चांगली सुधारते.

१. पुस्तकातून शिकलेला मुलगा

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. तो काळ डोळ्यांसमोर आणा. टेलिफोन अजून निघायचा होता. त्याचं पेटंट १८७६ साली झालं. घरात लावता येईल असा विजेचा दिवा एडिसनने १८७९ साली तयार केला, तेव्हा भिसे बारा वर्षांचे होते. म्हणजे आपण ज्या गोष्टी रोज वापरतो, त्यातल्या कितीतरी त्यांच्या डोळ्यांदेखत जन्माला आल्या.

भिसे यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. त्यांनी विज्ञान शिकून घेतलं ते बरंचसं वाचनातून. अमेरिकेहून येणारं सायंटिफिक अमेरिकन हे नियतकालिक ते आवडीने वाचत. त्यात नव्या यंत्रांची चित्रं असत आणि ती कशी चालतात याची माहिती असे.

चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून जळणारा वायू तयार करायचं छोटं उपकरण बनवलं. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा गॅसचे दिवे लागायचे. कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातून वायू निघतो, तो नळीतून नेऊन जाळला की उजेड पडतो. (हा वायू विषारी असतो. घरी करून बघू नका!)

इथे माझं पहिलं मत सांगतो. कॉम्प्युटर शिकायचा म्हणजे महागडा क्लास लावायचा, असं आपल्याकडे बऱ्याच पालकांना वाटतं. क्लास वाईट नसतोच. पण एखादी वस्तू आतून कशी चालते हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याला क्लासचा उपयोग थोडाच होतो. आणि ज्याला तो पडतो, तो एका नियतकालिकावरही बरंच पुढे जातो. भिसे दुसऱ्या प्रकारातले होते.

२. दुकानदाराचा तराजू

तरुणपणी भिसे यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असलेल्या लोकांचा एक क्लब काढला. त्याच काळात त्यांच्या डोक्यात एकामागून एक कल्पना येत होत्या. बाटली कुणी मध्येच उघडली तर कळावं असं झाकण, लोकल गाडीत पुढचं स्टेशन कोणतं हे दाखवणारं यंत्र, अशा त्या कल्पना होत्या. सगळ्या अगदी रोजच्या आयुष्यातल्या. आज मेट्रोत पुढच्या स्टेशनचं नाव पाटीवर येतं तेव्हा आपण वर बघतही नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या लोकलमध्ये अशी सोय हवी, हे सुचायला आधी दुसऱ्याची अडचण दिसावी लागते.

१८९०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. किराणा मालाचं वजन आपोआप करणाऱ्या यंत्राचा आराखडा पाठवायचा होता. भिसे यांनी मुंबईहून आराखडा पाठवला आणि इंग्लंडमधल्या स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळवलं.

वजन करणं सोपं वाटतं, नाही का? आता थोडा विचार करा. वरच्या डब्यातून पीठ खाली पारड्यात पडतंय. बरोबर एक किलो झालं की धार थांबवायची आहे. पण पारडं खाली गेलं आणि झडप बंद झाली, त्या क्षणी थोडं पीठ हवेतच असतं. तेही पारड्यात पडणार! म्हणजे वजन दर वेळी जास्तच भरणार. आपल्या औद्योगिक क्षेत्रात मालाच्या पिशव्या भरणारी यंत्रं आहेत. अशी बरीच यंत्रं आधी जाड धार सोडतात, वजन जवळ आलं की बारीक धार सोडतात आणि हवेतल्या मालाचा हिशेब आधीच धरतात. तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबा अशा कारखान्यात किंवा गोदामात असतील तर त्यांना विचारा. प्रश्न जुनाच आहे, फक्त आता उत्तर छोट्या कॉम्प्युटरकडे दिलेलं आहे.

*थांबा आणि सांगा : हवेतल्या पिठाची अडचण तुम्ही कशी सोडवाल?*

३. लंडन आणि दादाभाई

या यशानंतर भिसे लंडनला गेले. मुंबईचे काँग्रेस नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांना दादाभाई नौरोजींसाठी पत्र दिलं होतं. दादाभाई म्हणजे १८९२ साली ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले आपले थोर नेते. भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहत जाते, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं होतं. त्यांनी या तरुणाच्या कामात स्वतःचे पैसे घातले.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दादाभाईंना यंत्रातलं किती कळत असेल, कोण जाणे. पण हिंदी माणूस यंत्रं वापरतो तसा ती बनवूही शकतो, हे जगाला दिसलं पाहिजे असं त्यांना वाटत असणार. स्वदेशीचा हा एक वेगळाच प्रकार म्हणायचा.

लंडनमध्ये भिसे यांनी बऱ्याच गोष्टी बनवल्या. त्यातल्या एकीशी तुमची रोजच गाठ पडते. ती म्हणजे विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी. त्यांच्या अशा पाट्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या होत्या. आज संध्याकाळी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातून बसने जाताना खिडकीबाहेर बघा. टायरवाला, रंगवाला, कॅफेटेरिया, गॅरेज. प्रत्येकाची पाटी उजळलेली असते, एकीकडे अरबी आणि दुसरीकडे इंग्रजी. या पाट्या भिसे यांच्याच शोधातून आल्या असं म्हणता येणार नाही. त्या काळात असे प्रयोग बरेच जण करत होते. पण त्या पहिल्या फळीत एक मराठी माणूसही होता.

४. खिळ्यांचा प्रश्न

आता भिसे यांच्या सगळ्यात मोठ्या कामाकडे येऊ. त्यासाठी आधी जुनी छपाई कशी चालायची ते समजून घ्यावं लागेल.

पूर्वी छापखान्यात प्रत्येक अक्षराचा एक धातूचा तुकडा असायचा. त्याला खिळा म्हणत. खिळ्यावरचं अक्षर उलटं असायचं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटे. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, समोरच्या खणांतून एकेक खिळा उचलून ओळ तयार करायचा. पान छापून झालं की सगळे खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. एका वर्तमानपत्राला रोज असे हजारो खिळे लागत. ते झिजले की नवे ओतावे लागत. शिसं, कथील आणि अँटिमनी या धातूंचं मिश्रण वितळवून साच्यात ओतायचं, थंड होऊ द्यायचं आणि बाहेर काढायचं.

मुंबईत हे काम कसं चालतं हे बघायला भिसे यांना लांब जावं लागलं नसतं. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ सालापासून चालू होता आणि तिथले देवनागरी खिळे देशभर नावाजलेले होते.

परदेशात तोपर्यंत दोन मोठी यंत्रं आली होती. लायनोटाइप १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात सुरू झालं; ते अख्खी ओळ एका तुकड्यात ओतायचं. मोनोटाइप सुटे खिळे ओतून क्रमाने लावायचं. भिसे यांना वेग आणखी वाढवायचा होता. अडचण थंड होण्याची होती. वितळलेला धातू घट्ट व्हायला थोडा वेळ घेतोच, आणि तोवर साचा अडकून पडतो. मग उपाय काय? एकाच वेळी अनेक खिळे ओतायचे! भिसे यांच्या यंत्रामागे हीच कल्पना होती. त्यांनी त्याला भिसोटाइप हे नाव दिलं. मिनिटाला बाराशे खिळे असा त्याचा वेग सांगितला जातो. म्हणजे सेकंदाला वीस.

तुमच्या फोनच्या जाहिरातीत आठ कोर असलेला प्रोसेसर असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ साधारण असाच आहे. एकाच कामगाराला आणखी जोरात पळवता येत नाही, तेव्हा आठ कामगार शेजारी शेजारी बसवायचे. मी नव्या सहकाऱ्यांना हे समजावताना भिसोटाइपचंच उदाहरण देतो.

५. पैसा, पैसा आणि पैसा

लंडनमधल्या छपाईच्या धंद्यातल्या जाणकारांचा आधी यावर विश्वास बसेना. भिसे यांनी छोटं यंत्र तयार करून त्यांना दाखवलं. यंत्र चाललं! इथे सिनेमा असता तर टाळ्या वाजल्या असत्या आणि पडदा पडला असता.

पण खरी गोष्ट इथून अवघड होते. नमुना दाखवणं वेगळं आणि कारखान्यात रोज दहा तास चालणारी शंभर यंत्रं बनवणं वेगळं. त्याला मोठं भांडवल लागतं. दादाभाईंची ऐपत संपत आली होती, आणि १९०७ साली ते म्हातारपणामुळे भारतात परतले. हेन्री हाइंडमन नावाच्या इंग्रज समाजवादी नेत्याने पैसे उभे करायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. १९०८ साली भिसे जवळजवळ रिकाम्या हातांनी भारताकडे निघाले.

आणि बोटीवर त्यांना गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी त्यांची गाठ रतन टाटांशी घालून दिली. (हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, सर रतन टाटा. आपल्या आठवणीतले रतन टाटा नंतरचे.) १९१० साली टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट नावाची संस्था निघाली आणि काम पुन्हा सुरू झालं.

पण १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. अशा वेळी नव्या छपाई यंत्रात पैसे कोण घालणार? तोही आधार पुढे टिकला नाही. १९१६ साली भिसे अमेरिकेत, न्यूयॉर्कला गेले. तेव्हा त्यांचं वय एकोणपन्नास होतं. त्या वयात नवा देश, नवी माणसं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्या आई-बाबांना विचारा, दुसऱ्या देशात पहिलं वर्ष कसं असतं. त्यांना भिसे लगेच कळतील.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्राचं आणखी सुधारलेलं रूप तयार केलं. पण आता लायनोटाइप आणि मोनोटाइप छापखान्याछापखान्यांत बसली होती. त्यावर काम करणारे कामगार तयार होते, सुटे भाग मिळत होते, दुरुस्तीवाले होते. नवं यंत्र कितीही वेगवान असलं, तरी छापखान्याचा मालक एवढं सगळं कशाला बदलेल?

सॉफ्टवेअरमध्येही हेच चालतं. आपण रोज वापरतो तो प्रोग्रॅम सगळ्यात चांगला असतोच असं नाही. सगळे वापरतात म्हणून आपण वापरतो, आणि आपण वापरतो म्हणून सगळे वापरतात. साधं उदाहरण घ्या. इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं क्वर्टी या क्रमाने आहेत. हा क्रम १८७०च्या दशकातल्या टाइपरायटरपासून आला. त्यानंतर वेगळे क्रम सुचवले गेले, पण बोटांना जी सवय लागली ती सुटली नाही.

६. औषधाची बाटली

अमेरिकेत भिसे यांना पैसा मिळवून दिला तो यंत्राने नाही, औषधाने. त्यांनी आयोडीन असलेलं एक औषध तयार केलं. पुढे ते अ‍ॅटोमिडिन या नावाने विकलं जाऊ लागलं.

इथे आपण जरा सावध होऊ या. आपल्या माणसाने औषध काढलं, म्हणजे ते गुणकारीच असणार, असं मानायचं नाही. आयोडीन जंतू मारतं आणि शरीराला ते थोडं लागतंही, हे खरं. पण एखादं औषध खरोखर काम करतं हे विक्रीच्या आधी प्रयोगांनी सिद्ध करण्याची सक्ती अमेरिकेत १९६२ साली आली. भिसे यांच्या काळात ती नव्हती. त्यामुळे तेव्हाच्या औषधांबद्दलचे मोठमोठे दावे आपण आजच्या कसोटीवरच तपासायचे.

यंत्राचं बरं असतं. खिळा नीट ओतला गेला नाही तर तो लगेच दिसतो. शरीराचं तसं नसतं. माणूस औषधाने बरा झाला की आपोआप, हे एका माणसाकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी पुष्कळ रोग्यांवर नीट आखलेले प्रयोग करावे लागतात. घरच्या ग्रुपवर एखाद्या काढ्याचा निरोप आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढं जरूर आठवा.

७. एडिसनची भेट

१९३० साली भिसे आणि थॉमस एडिसन यांची भेट झाली. एडिसन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते, भिसे त्रेसष्टचे. ज्यांच्या नावाने आपल्याला ओळखतात, त्यांनाच भेटायचं! भिसे यांना काय वाटलं असेल?

पुढच्याच वर्षी एडिसन गेले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भिसे यांचंही निधन झालं. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध आणि चाळीसेक पेटंट सांगितली जातात. एडिसनची एकट्या अमेरिकेतली पेटंट १०९३ होती.

हे आकडे शेजारी ठेवले की वाटतं, भिसे कमी पडले. मला तसं वाटत नाही. एडिसनने १८७६ साली मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली. तिथे त्याच्या हाताखाली कुशल माणसं होती. पैसे लावणारे धनिक होते, माल विकणाऱ्या कंपन्या होत्या, आणि मागे स्वतःचा देश होता. भिसे यांच्या मागे काय होतं? देश पारतंत्र्यात. मदत करणारे दादाभाई, गोखले, टाटा. मनाने फार मोठी, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. प्रत्येक वेळी यंत्र तयार असायचं आणि आधार तुटायचा.

म्हणून मला हिंदुस्थानचे एडिसन हे बिरुद फारसं आवडत नाही. त्यात मान आहे, पण त्यामुळे खरा फरक झाकला जातो. हुशारी दोघांकडे होती. हुशारीभोवती जी व्यवस्था लागते, ती एकाकडे होती आणि दुसऱ्याकडे नव्हती. यंत्र एकट्याला बनवता येतं. ते लोकांच्या कामाला येण्यासाठी मात्र पुष्कळ हात लागतात.

८. आपल्या अक्षरांचं काय?

शिशाचे खिळे आता गेले. तुम्ही हा धडा पडद्यावर वाचताय. पण खिळ्यांचा प्रश्न मात्र आपल्या लिपीसाठी कॉम्प्युटरवरही आला.

इंग्रजीला छोटी-मोठी मिळून बावन्न अक्षरं पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून खिळ्यांचे शेकडो प्रकार लागत. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये कसं बसवायचं? पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी यावर मोठं काम केलं. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक ठरलं. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना एका यादीत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यात देवनागरीही होती.

युनिकोडमध्ये क्ष साठी वेगळा खिळा नाही. क, मग हलन्त, मग ष, असे तीन संकेत एकापुढे एक साठवले जातात आणि पडद्यावर त्यांचं जोडाक्षर होतं. शेकडो खिळ्यांचं काम मोजक्या संकेतांवर आलं. म्हणून शारजातून पाठवलेला मराठी निरोप सांगलीत आजीच्या फोनवर जसाच्या तसा उमटतो.

हे काम कुणा एकाचं नाही. भाषा जाणणारे, गणित जाणणारे, सरकारी समित्या, कंपन्या, आणि रात्री जागून फुकट फॉन्ट बनवणारे हौशी लोक, अशा अनेकांचं ते आहे. भिसे यांना जी साथ अखेरपर्यंत मिळाली नाही, ती या कामाला मिळाली. अजूनही बरंच बाकी आहे. मराठीतलं शुद्धलेखन तपासणारी साधनं, बोललेलं ऐकून लिहिणारे प्रोग्रॅम यांत सुधारणेला खूप जागा आहे. मोठ्या कंपन्या ते कधीतरी करतील म्हणून वाट बघायची, की त्यात आपणही हात घालायचा, हे आता तुमच्या पिढीने ठरवायचं आहे.

स्वाध्याय

१. खिळा, जुळारी, साचा, भांडवल, नमुना हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
२. एका वेळी अनेक खिळे ओतल्याने वेग का वाढतो? चार वाक्यांत सांगा.
३. भिसोटाइप सगळीकडे का पोहोचलं नाही? पाठातली तीन कारणं शोधा. तुम्हाला सगळ्यात मोठं कोणतं वाटतं?
४. श्र, ज्ञ आणि त्र ही अक्षरं फोनवर टाइप करा. कोणत्या कळा दाबल्या, क्रमाने लिहा.
५. घरातल्या मोठ्यांशी बोला : त्यांच्या कामाच्या ठिकाणी कोणतं यंत्र आहे, आणि ते बिघडलं तर काय काय थांबतं? पुढच्या तासाला पाच मिनिटं सांगा.